पद्मिनी ओव्हर होतेय (इंजिनात जादा पेट्रोल जातंय) : किट टाकलं, निडल बदललं, तरी कार्बोरेटरमधून पेट्रोल थांबेना

लळिंगचा_पायथा (धुळे)

राम राम मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल, १०८९ सीसी, मूळचाच सोलेक्स कार्बोरेटर. तक्रार अशी :

सकाळी थंड इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटांनी स्लो (अॅक्सिलेटर न दाबता इंजिनाचं चालणं) बिघडतो, मागून काळा धूर येतो आणि कार्बोरेटरच्या वरच्या कव्हरच्या सांध्यातून पेट्रोल पाझरतं. थ्रॉटलच्या दांडीपाशीही ओल दिसते. बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर नुसती घरघर. अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरला की भकभक करत उठते. प्लग चारही काळे आणि ओले. अॅव्हरेज १२ वरून ८ वर आलंय.

आतापर्यंत केलेलं : पूर्ण रिपेअर किट (निडल वॉल्व्ह, पॅकिंग, डायफ्राम), जेट साफ, पॉइंट-कंडेन्सर नवे, एअर फिल्टर नवा. काडीचा फरक नाही. आता गॅरेजमध्ये सांगतायत की कार्बोरेटरची बॉडीच गेली, दुसरा बघा. खरंच बॉडी जाते का? पैसे घालण्याआधी काय काय तपासू?

दहाअकराचा_पाना (जळगाव)

बॉडी जाते, पण ती थ्रॉटलच्या दांडीच्या भोकात झिजते. त्याने हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. तुमच्याकडे उलटं चाललंय, त्यामुळे बॉडीचा विषय सध्या बाजूला ठेवा.

पेट्रोल बाहेर पाझरतंय तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. डिस्ट्रिब्युटरची ठिणगी आणि तापलेला एक्झॉस्ट दोन्ही तिथेच आहेत. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काढलेलं पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि वाळूची बादली हाताशी असू द्या. उजेड हातातल्या बॅटरीचा (टॉर्चचा). हे सांगायची गरज नाही, पण काडी ओढून कार्बोरेटरात डोकावणारे अजून आहेत म्हणून सांगतो.

ओव्हर होण्याची तीन वेगळी कारणं असतात आणि तिन्हींचा धूर सारखाच काळा :

१) बाऊलमधली (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीतली) पातळीच जास्त. निडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही, फ्लोट (पेट्रोलवर तरंगून सुई बंद करणारा) जड झालाय, वायसर चुकलाय किंवा पंपाचा दाब जास्त आहे.
२) पातळी बरोबर, पण चोक पूर्ण बंद होत नाही.
३) पातळी बरोबर, चोकही बंद, पण गाडी थांबल्यावर गरमीने बाऊलमधलं पेट्रोल उकळून नळीतून आत सांडतं.

कोणतं कारण ते ओळखायला एक पैसा लागत नाही. इंजिन पूर्ण गरम करा, सपाट जागी बंद करा, एअर क्लीनर काढून लगेच गळ्यात बॅटरीचा उजेड टाका. मधल्या नळीच्या तोंडातून इंजिन बंद केल्या केल्या थेंब पडत असतील तर पहिलं कारण. आधी कोरडं, आणि पाच-सात मिनिटांनी बुडबुडे येऊन सांडायला लागलं तर तिसरं. आणि बंद इंजिनात थेंब अजिबात नाहीत, तरी चालू असताना काळा धूर, तर दुसरं.

चोकबद्दल जरा सविस्तर, कारण इथे बरेच जण फसतात. या सोलेक्सला गळ्यात आडवी पाकळी नसते. बाजूला चकतीचा स्टार्टर असतो, तोच चोक. वरून बघून पाकळी दिसत नाही, म्हणजे चोक बंदच आहे असं समजून लोक पुढे जातात. डॅशबोर्डची कळ पूर्ण आत ढकला आणि बाहेरून स्टार्टरचा लिव्हर हाताने आणखी बंद दिशेला सरकतो का ते बघा. जरासाही सरकला तर केबल आखूड बांधली आहे. केबलचा स्क्रू सोडून, लिव्हर पूर्ण बंद करून, कळीला दोन-तीन मिलिमीटर ढिली चाल ठेवून परत आवळा. चकतीवर ओरखडे असतील तर लिव्हर बंद असूनही तिथून थोडं पेट्रोल ओढलं जातं.

तुमच्या सांध्यातून बाहेर पाझरतंय, त्यामुळे माझा कल पहिल्या कारणाकडे आहे. चोक कितीही उघडा राहिला तरी सांध्यातून पेट्रोल येत नाही.

कपाशीवाला (चोपडा)

भो, इतला कुटाना कसाले? मारुतीचा कार्बोरेटर टाका, खाली अॅडॉप्टर प्लेट, विषय संपला. आपल्याकडे बऱ्याच पद्मिन्या तशाच फिरतात.

तापीकाठ (भुसावळ)

फिरतात खऱ्या, पण मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तिचा गळा तिच्या मापाचा. १०८९ वर बसवला तर स्लो छान होतो, पण कन्नड घाटाच्या चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये दम तुटतो. जेट वाढवून थोडं जमतं, गळा वाढत नाही. शिवाय पेट्रोल ढकलणाऱ्याचाच जोर जास्त असेल तर मारुतीचा कार्बोरेटरही तसाच ओव्हर होणार.

धुळेकर दादा, तुम्ही पंपाचं काहीच लिहिलं नाही. इंजिनावरचा मूळचा एसी पंपच (इंजिनाच्या दांड्यावर चालणारा पेट्रोलचा पंप) आहे ना? कधी उघडला? त्याखालचा काळा बॅकलाइटचा (बेकेलाइट, कडक प्लॅस्टिकचा) ठोकळा आणि पॅकिंग जागेवर आहे?

विचारायचं कारण सांगतो. या पंपाचा दाब त्याच्या आतल्या स्प्रिंगवर ठरतो. इंजिनातला दांडा डायफ्राम ओढतो, स्प्रिंग तो परत ढकलते. ठोकळ्याखालचं पॅकिंग पातळ पडलं की दांडा जास्त आत येतो, स्प्रिंग जास्त दबते आणि दाब वाढतो. बाजारातल्या काही डायफ्राम किटमध्ये स्प्रिंगच कडक येते. सोलेक्सला साधारण २ ते ३ पीएसआय पुरे, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ०.२ किलोच्या आसपास.

आता निडलचं गणित. सीटचं (सुई टेकते त्या जागेचं) भोक १.५ मिलिमीटर धरा. ३ पीएसआयला त्या सुईवर जेमतेम पावणेचार ग्रॅमचा रेटा येतो. ६ पीएसआयला साडेसात. हा रेटा फ्लोटने तरंगून परतवायचा असतो. दाब दुप्पट झाला की फ्लोटला जास्त बुडावं लागतं, म्हणजे पातळी तेवढी वर चढते. निडल नवीकोरी असली तरी हे होतंच. आणि किटमध्ये १.५ ऐवजी २.० ची सीट आली असेल तर त्याच दाबाला रेटा पावणेदोन पट. सीटच्या षटकोनावर आकडा कोरलेला असतो. जुनी सीट फेकली नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.

लळिंगचा_पायथा (धुळे)

चूक माझी, हे लिहायला हवं होतं. मागच्या उन्हाळ्यात दुपारी गाडी पेट्रोल ओढत नव्हती म्हणून एसी पंप काढून तिथे पट्टी मारली आणि डिकीत टाकीजवळ १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप बसवला. पंपावर दाबाचा आकडा नाही. इग्निशनवर थेट जोडलेला आहे. जुना एसी पंप आणि ठोकळा घरात आहे. दांडाही.

गळ्यात बघितलं. इग्निशन चालू ठेवून इंजिन बंद असताना थेंब सलग पडतात. इग्निशन बंद केलं की अर्ध्या मिनिटात थांबतात. चोकचा लिव्हर पूर्ण बंद आहे, हाताने सरकत नाही.

तापीकाठ (भुसावळ)

मग चोर सापडला, निदान एक तरी. तो चौकोनी डबीसारखा टकटक करणारा पंप असेल तर बहुतेक ४ ते ७ पीएसआयचा. गोल नळीसारखा, सतत गुंजणारा आणि इंजेक्शनच्या गाडीतून काढलेला असेल तर ४० च्या वर, मग तो आजच काढा. त्या दाबाला सुईवर पन्नास ग्रॅमचा रेटा येतो, कोणताच फ्लोट तो धरत नाही.

दाब मोजा. टायरचा गेज चालणार नाही. ० ते १५ पीएसआयचा फ्युएल गेज घ्या, कार्बोरेटरच्या अगदी आधी टी टाकून लावा आणि इंजिन स्लोवर असताना वाचा. ३.५ च्या वर आला तर दोन वाटा आहेत.

एक, रेग्युलेटर टाकून २.५ वर ठेवा. तो इंजिनापासून लांब, बॉडीवर बसवा. रेग्युलेटरच्या डायलवरच्या आकड्यावर भरवसा नको, गेज बघूनच सेट करा.
दुसरी, एसी पंप परत बसवा. माझं मत याच बाजूने. इंजिन थांबलं की तो थांबतो. इग्निशनवर थेट जोडलेला इलेक्ट्रिक पंप अपघातात नळी तुटली तरी पेट्रोल ओतत राहतो. इलेक्ट्रिक ठेवायचाच असेल तर रिले ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घ्या, म्हणजे तेलाचा दाब नसेल तेव्हा पंप बंद.

एसी पंप चढवताना दांडा आधी तेल लावून घाला, जुनं पॅकिंग खरवडा, ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना पॅकिंग द्या. नट एका बाजूने पूर्ण आवळू नका. इंजिन हाताने फिरवून दांडा सगळ्यात आत असेल अशा जागी आणा, मग पंप सहज बसतो. पाना लावून दाबून बसवावा लागला तर दांडा बाहेर आहे, तसाच आवळला की पंपाचा कान तुटतो.

दहाअकराचा_पाना (जळगाव)

पंप मान्य, पण त्यावर थांबू नका. पंप मागच्या उन्हाळ्यात बसला आणि त्रास आत्ता सुरू झाला असेल तर मधे आणखी काहीतरी बदललंय. किट टाकल्यावरही फरक पडला नाही म्हणालात, म्हणजे किट टाकतानाही काहीतरी चुकलेलं असू शकतं. कव्हर एकदा उघडाच.

कव्हरचे स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने सैल करा, सरळ वर उचला. फ्लोट बाऊलमध्येच राहतो, निडल वॉल्व्ह कव्हरला खालून आवळलेली असते. आता क्रमाने :

फ्लोट. कानाशी हलवा, खळखळ आली तर आत पेट्रोल शिरलंय. खळखळ नसेल तरी धुऊन पुसून गरम पाण्यात बुडवा (हात घालवणार नाही इतकं गरम, उकळतं नको). कुठून बुडबुडा आला तर तिथे भोक. पितळी फ्लोटला डाग देता येतो, पण आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय डागाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) लावायची नाही, फ्लोट फुटून तोंडावर येतो. डागाचं कथीलही जपून, फ्लोट ग्रॅमभर जड झाला तरी पातळी वर. प्लॅस्टिकचा असेल तर बदलायचाच.

निडल. कव्हर उलटं धरा म्हणजे सुई वजनाने बंद होईल. सुईवर बोटाचा अगदी हलका टेकू द्या आणि पेट्रोल येण्याच्या नळीला स्वच्छ रबरी नळी लावून फुंका. हवा अडली पाहिजे. अर्धवट सुटली तर सीटवर कचरा किंवा सुईच्या टोकावर कंगोरा. भिंगातून टोक बघा, चकचकीत गोल रेघ दिसली तर ती सुई संपली. सुई-सीट नेहमी जोडीने बदला. सीटला लॅपिंग पेस्ट लावून घासणं पितळात चालत नाही, भोक मोठं होतं.

वायसर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. निडल वॉल्व्ह आणि कव्हर यांच्यामध्ये जो वायसर असतो, त्याच्या जाडीने पातळी ठरते. जाड वायसर म्हणजे वॉल्व्ह खाली आली, फ्लोट लवकर बंद करतो, पातळी कमी. पातळ वायसर म्हणजे पातळी जास्त. फ्लोटच्या लिव्हरमुळे वायसरच्या फरकापेक्षा पातळीचा फरक मोठा येतो. किटमध्ये दोन-तीन जाडीचे वायसर येतात आणि हाताला लागला तो घातला जातो. जुना वायसर आणि घातलेला, दोन्ही व्हर्नियरने मोजून इथे लिहा.

कव्हर. सांध्यातून पाझरतंय म्हणून कोणीतरी स्क्रू ताकदीने आवळलेले असणार. त्याने कव्हर स्क्रूपाशी खाली वाकतं आणि मधे फट पडते. काचेवर उलटं ठेवून बोटाने दाबा, डुलत असेल तर काचेवर ४०० नंबरचा एमरी पेपर ठेवून आठाच्या आकारात घासा. आधी निडल, जेट सगळं काढून. नंतर पेट्रोलने धुवून फुंकर. सांध्याला सिलिकॉन लावायचं नाही, त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये जातात.

निळी_११०० (अमळनेर)

तिसऱ्या कारणावर थोडं, कारण मे आहे आणि गाडी धुळ्यात आहे. दुपारी ४३-४४ असताना बोनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. चालताना पंख्याची हवा आणि येणारं थंड पेट्रोल बाऊल थंड ठेवतं. बंद केलं की दोन्ही थांबतं आणि खालच्या लोखंडाची उष्णता वर चढते. बाऊल उकळून पेट्रोल नळीतून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. त्यावर उपाय कार्बोरेटरखालचा बॅकलाइटचा ठोकळा (बरेच जण तो काढून नुसतं पॅकिंग घालतात), एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरमध्ये अॅल्युमिनियमची पट्टी, आणि पेट्रोलची नळी रेडिएटरच्या होजला न टेकता नेणं. गरम इंजिन उठवताना अॅक्सिलेटर पंप करू नये. सावकाश तळापर्यंत दाबून धरायचा आणि पाच-सात सेकंद सेल्फ. दादा तेच करताय, बरोबर आहे.

पंपावर ओला फडका टाकायची आपल्याकडची रीत वेगळ्या रोगावर आहे. नळीत वाफ होऊन पेट्रोल येत नाही तेव्हा फडका कामाचा. ओव्हर होत असेल तर फडक्याने काही होत नाही. तुमचा मागच्या उन्हाळ्याचा त्रास फडक्याचा होता आणि त्यावर पंप बदलला गेला. आता एसी पंप परत बसवलात की तो त्रास परत येऊ शकतो, तेव्हा नळीची वाट आधी सुधारा.

पेट्रोलही आता २० टक्के इथेनॉलचं. त्याने पातळी वाढत नाही, मिश्रण उलट जरा पातळ होतं. पण जुनी रबरी नळी आतून मऊ होऊन काळे कण सोडते आणि टाकीचा जुना गंज सुटतो. ते कण सरळ निडलच्या सीटवर. नळी एसएई जे-३० आर-९ लिहिलेली घ्या, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी. फिल्टर पंपाच्या आधी, इंजिनापासून लांब. पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर एक्झॉस्टवर लोंबकळताना दिसतो तेव्हा धडकी भरते.

कणाची खूण अशी : ओव्हर होत असताना स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने बाऊलवर दोन टिचक्या मारल्या आणि थांबलं, तर निडल अडकतेय. दाब जास्त असेल तर टिचकीने काही होत नाही.

लळिंगचा_पायथा (धुळे)

सगळं मोजलं.

टिचकीने फरक नाही. स्लोवर दाब ५.५ पीएसआय. निडल फुंकून बघितली, धरते. नवी आणि जुनी दोन्ही सीट १.५ ची. फ्लोट गरम पाण्यात कोरडा. वायसर : जुना तांब्याचा १ मिलिमीटर, किटमधून घातलेला फायबरचा ०.५. कव्हर काचेवर डुलत होतं, कागदाची घडी जाईल इतकी फट.

काल जुना १ मिलिमीटरचा वायसर लाल करून, पाण्यात विझवून मऊ करून परत घातला. कव्हर घासलं, नवं पॅकिंग कोरडंच लावलं. पंप इलेक्ट्रिकच ठेवून आधी चालवून बघितली : सांधा कोरडा, पण गळ्यात इग्निशन चालू असताना मिनिटाला चार-पाच थेंब. म्हणजे वायसरने अर्धं काम झालं.

आज एसी पंप चढवला. डायफ्राम कडक झाला होता, नवा घातला, स्प्रिंग मात्र जुनीच ठेवली. गेज २.८ दाखवतो. अर्धा तास स्लोवर, मग नगावबारीपर्यंत जाऊन आलो. बंद केल्यावर गळा कोरडा. दहा मिनिटांनी सेल्फ मारला, दुसऱ्या फेऱ्यात उठली. स्लो मात्र आता खाली पडतोय, पायाने धरावा लागतो.

दहाअकराचा_पाना (जळगाव)

पडणारच. ओव्हर होत असताना कोणीतरी मिक्स्चरचा स्क्रू आत घालून धूर कमी करायचा प्रयत्न केलेला असणार. आता पातळी खाली आली, त्यामुळे मिश्रण पातळ पडतंय. बुडातला स्प्रिंगचा बारीक स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा (आवळू नका, टोकाला कंगोरा पडतो), मग दीड फेरा बाहेर. इंजिन पूर्ण गरम, चोक बंद. थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो थोडा वर ठेवा, मिक्स्चर पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात जास्त आणि एकसारखा फेरा मिळतो तिथे थांबा, मग थ्रॉटलचा स्क्रू सोडून स्लो खाली आणा. हे दोनदा करा.

प्लग काढून पितळी ब्रशने साफ करा, वीस-तीस किलोमीटर चालवून परत बघा. विटकरी-करडा रंग आला तर मेन जेटला हात लावायचं कारण नाही. कोरडे काळे राहिले तर जेटवरचा आकडा बघा, धूर शोधताना कोणी मोठा घातला असेल.

तापीकाठ (भुसावळ)

ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. इतके दिवस पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली गेलंय. पातळी खुणेच्या वर असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर घाटात जायच्या आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० टाका. आणि डिकीतला तो इलेक्ट्रिक पंप नुसता वायर काढून ठेवू नका, नळीतूनही काढा. बंद पंपातून पेट्रोल ओढताना एसी पंपाला अडथळा येतो, आणि मग पुढच्या आठवड्यात तुम्ही परत लिहाल की गाडी पेट्रोल ओढत नाही.

लळिंगचा_पायथा (धुळे)

डिपस्टिकवर पातळी अर्धा बोट वर आहे आणि वास येतोय. ऑइल उद्या. पंप नळीतून काढला, मधे सलग नवी नळी टाकली.